बूनचं कोपर

तुम्हाला कुणी कधी सलग चौदा वर्षं ‘पुढचा नंबर तुझाच’ असं सांगून उभं ठेवलंय? नाही ना? मग जरा सरळ बसून वाचा. कारण ज्यांची ही गोष्ट आहे ते पद्माकर ओव्हाळ चौदा वर्षं तसे उभे राहिले. आणि ज्याच्यासाठी ते आज लंडनच्या या सगळ्या इल्फर्डशी भांडतायत तो इझेकील बून तेरा वर्षं उभा राहिला. दोघं कामाला निघायचे ते एकाच घराच्या एकाच दारातून. मध्ये फक्त ऐंशी वर्षांचं अंतर.

ते घर म्हणजे स्टेशनपासून बारा मिनिटांवरचं ४७ नंबरचं विटांचं घर, दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लावून शेजारी. ओव्हाळ मूळचे वरळीच्या बीडीडी चाळीतले. एकोणऐंशी साली चोविसाव्या वर्षी इकडे आले, बसवर लागले आणि सत्त्याऐंशीत हे घर घेतलं. सत्तावीस वर्षं बस चालवली. मग गॅरेजात इन्स्पेक्टरची जागा रिकामी झाली आणि साहेबानं सांगितलं, तोवर तू बघ, पक्की ऑर्डर पाठोपाठ येतेय. ओव्हाळांना एक बिल्ला मिळाला. त्यावर ‘इन्स्पेक्टर’च्या आधी ‘हंगामी’ हा शब्द होता. तो शब्द चौदा वर्षं छातीवर राहिला. त्या काळात चार पक्के इन्स्पेक्टर आले, चौघांनाही काम ओव्हाळांनीच शिकवलं, आणि चौघंही वर गेले. दर वर्षी पत्र यायचं की पुढचा नंबर तुझाच. रिटायर झाले त्या दिवशी गॅरेजनं केक आणला, त्यावर साखरेच्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘हंगामी इन्स्पेक्टर ओव्हाळ यांना शुभेच्छा’. ओव्हाळांनी सुरी घेतली, ‘हंगामी’ तेवढा कापला आणि साहेबाच्या प्लेटमध्ये वाढला. साहेबानं तो खाल्लाही. चांगला झालाय म्हणाला.

रिटायर झाल्यावर बायकोनं, नीनानं, पुढच्या खोलीतली जुनी गॅसची शेगडी काढायला लावली. शेगडीमागं फळी होती, फळीमागं मूळची कोळशाची चूल, आणि चुलीच्या कोनाड्यात बिस्किटांचा गंजका डबा. डब्यात तेवीस पत्रं आणि एक फोटो. प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं नंबर टाकलेला. ओव्हाळ तिथंच जमिनीवर, वर्तमानपत्र अंथरून वाचायला बसले, ते नीनानं दिवा लावला तेव्हा उठले.

पत्रं सगळी एकाच बाजूची होती. अल्बर्ट पिल्बीम नावाचा दक्षिण परगण्यांचा हेवीवेट चॅम्पियन, त्याच्या मॅनेजरनं लिहिलेली. ज्याला लिहिली तो इझेकील बून, कार्डिफच्या गोदीतला काळा बॉक्सर, १९०९ ते १९२२ या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहिलेला. बून विचारायचा, किताबासाठी माझ्याशी कधी लढतोस. मॅनेजर कळवायचा, यंदा जमत नाही. पहिल्या पत्रात पिल्बीमचा हात दुखावला होता. तिसऱ्यात त्याची आई आजारी होती. सहाव्यात तो नाटक कंपनीबरोबर दौऱ्यावर होता. अकराव्यात त्याचा कुत्रा आजारी पडला, बाराव्यात तो मेला, तेराव्यात पिल्बीम दुःखात होता, आणि चौदाव्यात त्यानं नवा कुत्रा घेतला होता, त्याला शिस्त लावायची होती. पंधराव्यात महायुद्ध सुरू झालं, आणि त्या एका कारणाला ओव्हाळांनीही हरकत घेतली नाही. प्रत्येक पत्राच्या शेवटी तीच ओळ: निराश होऊ नकोस, पुढचा नंबर तुझाच. तेविसाव्या पत्राच्या मागं बारीक पेन्सिलीनं बूननं लिहिलं होतं, ‘मी तयार आहे.’ तेवढंच. ते पत्र त्यानं पाठवलं कुठं नाही, पाठवायचं कुणाला.

ओव्हाळ उठले, कपाटातून आपली चौदा पत्रं काढली आणि त्या डब्यात टाकली. झाकण लावलं. झालं, त्या दिवसापासून माणूस कामाला लागला.

शाळा दहावीपर्यंतची, पण माणूस वाचायला बसला की लायब्ररीचे लोक खुर्ची सोडून देतात. त्यांनी वाचून काढलं की बून काही एकटा नव्हता. त्या काळात अमेरिकेत, इंग्लंडात, काळी कातडी असेल तर हेवीवेटच्या किताबाची दारं बंद. काळ्यांसाठी वेगळा किताब काढून ठेवलेला, म्हणजे पंगतीत बसायचं नाही, ओसरीवर वेगळं पान. मोठमोठे गडी आपसातच लढत राहिले, तेच दोघं एकमेकांशी पंधरा-पंधरा, वीस-वीस वेळा, कारण दुसरं कुणी समोर उभंच राहायचं नाही. १९०८ साली एक काळा माणूस जगाचा चॅम्पियन झाला खरा, पण खुर्चीवर बसल्यावर त्यानंही बहुतेक गोऱ्यांशीच लढणं पसंत केलं. हे वाचल्यावर ओव्हाळांनी दोन दिवस लायब्ररीचं तोंड पाहिलं नाही. ब्रिटनमध्ये तर पुढं नियमच लिहून ठेवला, राष्ट्रीय किताबासाठी आई-बाप दोघंही गोरे पाहिजेत. तो गेला १९४८ साली. ही तारीख ओव्हाळ कुणालाही सांगतात, बसस्टॉपवर, दवाखान्यात, दूधवाल्याला.

आता घराला निळा फलक लावायचा, लंडनात नावाजलेल्या माणसांच्या घरांना लावतात तसा. ‘इझेकील बून येथे राहत होता.’ ओव्हाळांना बाकी काही नको. छातीत पेसमेकर बसवलाय, वय एकाहत्तर. जाण्याआधी दाराशी उभं राहून तो फलक एकदा वाचायचा, एवढंच.

असले फलक देते पूर्व लंडन स्मृतिफलक समिती. तिचे सेक्रेटरी डॅनियल रोहेकर. आडनाव ऐकून ओव्हाळांनी पहिल्याच भेटीत विचारलं, तुम्ही रोह्याचे का. डॅनियल चाळीस वर्षांचा, मुंबईहून आलेल्या मराठी ज्यू घरातला, पण जन्म इथला. मराठी म्हणजे आजीकडून ऐकलेली, तीही खाण्यापुरती. त्यानं मान हलवली आणि इंग्रजीतच नियम नंबर सात दाखवला. खेळाडूंच्या बाबतीत फलक फक्त त्यालाच, ज्यानं किताब जिंकला किंवा किताबासाठी निदान एकदा लढत दिली.

ओव्हाळ म्हणाले, त्याला लढूच दिलं नाही.

डॅनियल म्हणाला, म्हणजे तो लढला नाही.

ओव्हाळांनी टेबलावर डबा आपटला आणि तेवीस पत्रं पसरली. समितीनं ती पत्रं तीन महिने ठेवून घेतली, तज्ज्ञांना दाखवली, आणि लेखी निकाल दिला. निकाल असा की या पत्रांवरून लढत नाकारली असं कुठंही दिसत नाही, ती पुढं ढकलली असं दिसतं. उलट प्रत्येक पत्रात बूनला पुढचा नंबर देण्याचं स्पष्ट आश्वासन आहे. नाकारल्याचं सिद्ध करायचं असेल तर चॅम्पियननं किंवा त्याच्या वारसानं तसं लिहून द्यावं.

हा निकाल वाचून ओव्हाळांनी जे शब्द वापरले ते छापता येत नाहीत. नीनानं खिडकी लावून घेतली.

वारस सापडली. पिल्बीमची नात, मार्जरी पिल्बीम, वय अठ्ठ्याऐंशी, क्लॅक्टनला समुद्राकाठी एकटी राहणारी, लग्न न केलेली, कान शाबूत आणि जीभ धारदार. तिच्याकडून दोन ओळी लिहून घ्यायच्या. आता हे इंग्रज माणसानं कसं केलं असतं? फोन केला असता. ओव्हाळ मराठी मंडळात पंचवीस वर्षं वावरलेले. आपल्याकडं ज्याच्याकडून काही काढायचंय त्याचा आधी सत्कार करतात. त्यांनी चर्चचा हॉल घेतला, ‘इझेकील बून स्मृतिसभा’ असा बॅनर केला आणि प्रमुख पाहुण्या म्हणून मार्जरीबाईंना बोलावलं. नीनानं विचारलं की बूनच्या सभेत पिल्बीमची नात कशाला. ओव्हाळ म्हणाले, बूनचं कुणी उरलेलं नाही, आणि सभा म्हटली की कुणाचा तरी सत्कार पाहिजेच. पाहिजे हे नीनालाही माहीत होतं.

दुसरी अडचण प्रतिमापूजनाची. सभा म्हटली की फोटो पाहिजे, फोटोला हार पाहिजे, पुढं समई पाहिजे. बूनचा फोटो जगात एकच, डब्यातला. त्याची हकीकत अशी की एकोणिसाव्या पत्रात मॅनेजरनं कळवलं होतं, मिस्टर पिल्बीम स्वतः येऊन अडचण समजावून सांगतील. त्याप्रमाणे १९२० साली पिल्बीम या घरी चहाला आला, चाळीस मिनिटं बसला, घरमालकिणीनं केलेल्या केकच्या दोन फोडी खाल्ल्या आणि गेला, असं विसाव्या पत्रात मॅनेजरनं आभार मानताना लिहिलंय. त्या वेळी मागच्या अंगणात घरमालकिणीनं फोटो काढला. तिचा हात हलला असावा. मध्यभागी पिल्बीम, मिशांना पीळ, मांडीवर केकची प्लेट. उजव्या कडेला चहाचा कप धरलेलं एक काळं कोपर. मागं बूननं लिहिलंय, ‘मिस्टर पिल्बीम आणि मी’.

ओव्हाळांनी आधी नुसतं कोपर मोठं करून आणलं होतं. तीन फुटांचं. ते रताळ्यासारखं दिसत होतं. नीना म्हणाली, रताळ्याला हार घालणार का. म्हणून सबंध फोटो मोठा केला.

सभेला साठ माणसं आली. बटाटेवडे होते, हे त्याचं अर्धं कारण. मंडळाच्या अध्यक्षांनी समई लावली आणि फोटोला झेंडूचा हार घातला. आता फ्रेमला हार कसा बसतो हे तुम्ही पाहिलेलं आहे. वरच्या दोन कोपऱ्यांवरून निघतो आणि दोन्ही कडांनी खाली उतरतो. उजव्या कडेला कोपर होतं. ते झेंडूखाली गेलं. उरला बरोब्बर मधोमध मिशांना पीळ देऊन बसलेला अल्बर्ट पिल्बीम, आणि साठ मराठी माणसं त्याच्यापुढं हात जोडून उभी.

मार्जरीबाई पहिल्या रांगेत होत्या. त्या वाकून बघत राहिल्या.

“तुमचा माणूस कुठाय?”

“हाराखाली,” ओव्हाळ म्हणाले.

मग शाल झाली, श्रीफळ झालं, मानपत्र झालं. नारळाचं काय करायचं हे मार्जरीबाईंनी विचारलं. कुणीतरी सांगितलं, शुभ असतो, घरी ठेवा. भाषणात त्या म्हणाल्या, ऐंशी वर्षांत आजोबांची कुणी आठवण काढली नव्हती, तुम्ही लोकांनी काढलीत. टाळ्या पडल्या. ओव्हाळांनीही वाजवल्या, कारण न वाजवून कसं चालेल. वडे खाताना मात्र त्या नीनाला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, आजोबा त्या माणसाला घाबरायचे, रस्त्यात दिसला तर फुटपाथ बदलायचे, आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. नीनानं तिथल्या तिथं कागद-पेन पुढं केलं. मार्जरीबाईंनी तेलकट बोटं दाखवली आणि म्हणाल्या, पुढच्या खेपेला नक्की लिहून देते.

त्या आठवड्यात इथल्या एका स्थानिक पेपरात फोटो छापून आला. शाल पांघरलेली गोरी आजी, मागं हारातला पिल्बीम, बाजूला हसणारे ओव्हाळ. खाली ओळ होती: इल्फर्डच्या भारतीयांनी विस्मृत चॅम्पियनला मानवंदना दिली.

समितीनं ते पाहिलं आणि समिती हलली. वीस वर्षांत एवढी लोकमागणी कुठल्या फलकासाठी दिसली नव्हती. सहा आठवड्यांत पत्र आलं की ४७ नंबरच्या घराला फलक मंजूर झालाय. अल्बर्ट पिल्बीमच्या नावाचा. किताब जिंकलेला आहे, समाजाचा पाठिंबा आहे, आणि या वास्तूशी त्याचा चाळीस मिनिटांचा लेखी संबंधही सिद्ध आहे. सोबत घरमालकाच्या संमतीचा फॉर्म होता, खाली सहीसाठी फुली मारून ठेवलेली.

ओव्हाळांनी फॉर्म वाचला, घडी घातली, उलगडला, परत वाचला. मग समितीच्या ऑफिसात जाऊन त्यांनी एवढा आवाज चढवला की खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरानं पेशंटला तोंड मिटायला सांगून वर धाव घेतली. बून तेरा वर्षं राहिला. पिल्बीम केक खाऊन गेला. कळतंय का काही? डॅनियलला कळत होतं. त्याचे कान लाल झाले होते. पण नियम त्यानं केलेले नव्हते, आणि मोडायचे अधिकार ज्यांच्याकडं होते ते वर्षातून दोनदाच जमायचे.

पंधरा दिवसांनी डॅनियल स्वतः घरी आला, कागदाची गुंडाळी घेऊन. नीनानं दडपे पोहे पुढं ठेवले. ओलं खोबरं पाहून तो पहिल्यांदा मराठीत बोलला, ‘आजी मलिदा करायची. पोह्याचा’, आणि बराच वेळ खाली बघून खात राहिला. त्याच्या पणजोबांचं नावही इझेकील होतं, हे त्यानं त्या दिवशी सांगितलं. मग हात पुसून गुंडाळी उघडली. समितीनं मधला मार्ग काढला होता. दोघांची नावं एकाच फलकावर. वर मोठ्या अक्षरांत, ‘दक्षिण परगण्यांचे हेवीवेट चॅम्पियन अल्बर्ट पिल्बीम १९२० साली येथे चहाला आले’. खाली बारीक अक्षरांत, ‘यजमान: भाडेकरू ई. बून’.

डॅनियल म्हणाला, “अंकल, नाव तरी येतंय. आणखी दहा वर्षं थांबाल तर हेही मिळेल याची खात्री नाही.”

ओव्हाळ त्या बारीक अक्षरांकडं बघत राहिले. चष्मा पुसला. खरं सांगायचं तर ते त्या क्षणी तयार झाले होते. छातीतली डबी टिकटिकत नसते, पण माणसाला ती ऐकू येते. नाव भिंतीवर चढलं तर चढलं, बारीक तर बारीक. ‘भाडेकरू’ हा शब्द खोटाही नव्हता. त्यांनी खिशातून पेन काढलं.

नीना उठून आत गेली. ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. ती परत आली आणि तिनं टेबलावर, फॉर्मच्या शेजारी, तो जुना बिल्ला ठेवला.

“अहो, करा सही. पण आधी हा छातीवर लावा.”

ओव्हाळांनी बिल्ल्याकडं पाहिलं. फॉर्मकडं पाहिलं. पेनला टोपण घातलं. डॅनियलला बिल्ल्याची हकीकत माहीत नव्हती, ती नीनानं त्याला चहा करता करता सांगितली, केकसकट. तो हसला नाही. गुंडाळी परत गुंडाळली आणि जाताना पोह्यांचा डबा घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी ओव्हाळांनी समितीला पत्र लिहिलं. कोपऱ्यात पेन्सिलीनं नंबर टाकला, चोवीस. मजकूर असा: मिस्टर पिल्बीम यांच्या फलकाला आमची मुळीच ना नाही, पण सध्या माझा हात दुखावला आहे, सही करता येत नाही. त्यांनी निराश होऊ नये, पुढचा नंबर त्यांचाच. समितीनं महिनाभरानं आठवण केली. पंचविसावं पत्र गेलं, घरातलं मनीप्लांट आजारी आहे. सव्विसाव्यात ते मेलं. सत्ताविसाव्यात घर दुःखात होतं. अठ्ठाविसाव्यात नवीन आणलं, त्याला वळण लावायचं होतं. प्रत्येकाची एक प्रत क्लॅक्टनला जायची, मार्जरीबाईंच्या नावानं. वर्ष झालं. शंभर वर्षांपूर्वी चॅम्पियन असलेला अल्बर्ट पिल्बीम आता एका रिटायर्ड हंगामी इन्स्पेक्टरच्या दारात नंबर लावून उभा होता, आणि ओव्हाळांची झोप सुधारली होती. पण बूनचं नाव भिंतीवर नव्हतं ते नव्हतंच, आणि सकाळी दार लावताना त्यांची नजर त्या रिकाम्या विटांवर जायची ती जायचीच.

मग मनीप्लांटच्या शिस्तीचं पत्र गेल्यावर आठवड्याभरात क्लॅक्टनहून पाकीट आलं. आत एक कागद, थरथरत्या अक्षरांत दोन ओळी. ‘माझे आजोबा अल्बर्ट पिल्बीम हे इझेकील बूनला घाबरत होते आणि म्हणून त्याच्याशी लढले नाहीत. नव्या कुत्र्याला शिस्त कधीच लागली नाही.’ खाली पूर्ण सही. सोबत चिठ्ठी होती की नारळ दार अडवायला ठेवलाय, चांगला जड आहे, आणि तो हार आता जरा डावीकडं सरकवा.

ओव्हाळ ती चिठ्ठी घेऊन पायरीवर बसले. नीना म्हणते ते रडले. ते म्हणतात त्यांना परागकणांचा त्रास आहे.

तर आता स्थिती अशी आहे. समितीनं मार्जरीबाईंचा कागद दाखल करून घेतला, पण नाकारलेली लढत म्हणजे दिलेली लढत नव्हे, असंही कळवलं. नियम सातला वळसा घालायला एकच वाट आहे, आणि ती डॅनियलनं आपण होऊन शोधून दिली. नियम एकोणीस. शंभर वेगवेगळ्या माणसांनी हातानं लिहिलेली पत्रं आली तर प्रकरण पुन्हा उघडावंच लागतं. ईमेल चालत नाही, छापील चालत नाही. आजवर एकेचाळीस जमलीत. पहिलं मार्जरीबाईंचं. डॅनियलचं नाही, त्याची नोकरी आहे, पण त्याच्या आईचं आहे, रिवकाबाईंचं, आणि तेही मराठीत. गॅरेजातल्या चार पक्क्या इन्स्पेक्टरांपैकी दोघांची आहेत. मंडळातल्या साठ जणांनी वडे खाल्ले होते, पत्रं अकराच आलीत, आणि कुणी दिलं नाही त्यांची यादी ओव्हाळांना तोंडपाठ आहे.

एकोणसाठ कमी पडतात. पुढची बैठक सप्टेंबरात. ओव्हाळांना सप्टेंबर बघायचाय.

तेव्हा तुम्ही आता हे खाली ठेवा आणि एक कागद घ्या. फार काही लिहायचं नाही. ‘इझेकील बून इथं राहत होता आणि तो तयार होता’ एवढं लिहा, खाली आपलं नाव लिहा, आणि पाकिटावर ४७ नंबरच्या घराचा पत्ता घालून पेटीत टाका. शाल नको, नारळ नको. आणि पुढच्या आठवड्यात लिहितो असं ओव्हाळांना सांगायला जाऊ नका. आजच लिहा.